निंगव्वाच्या पोटावरच्या रेघा

हुबळीच्या आमच्या दवाखान्यात किरणोपचार विभाग तळघरात आहे. दर पंधरवड्याला डॉक्टरकीची पोरं इथं शिकायला उतरतात, आणि खरं सांगायचं तर गारव्याला येतात. भिंतीला टेकून मोबाइलवर पुढच्या परीक्षेचे प्रश्न सोडवत बसतात. त्यांना शिकवायचं काम नागरत्ना अंगडी मॅडमचं. मी इथली सिस्टर. मला त्या पोरांचा संताप येतो. मॅडमना तर संताप यायचाही बंद झालाय.

मॅडमची एक पद्धत मात्र टिकून होती. प्रत्येकाला एक रुग्ण नेमून द्यायचा. त्याची रोज विचारपूस करायची आणि आत सोडण्याआधी अंगावर आखलेल्या रेघा शाबूत आहेत का ते बघायचं. आमचं कोबाल्टचं मशीन जुनं. त्या रेघांवर नेम धरूनच किरण सोडतात.

या वेळच्या तुकडीतल्या चैत्रा नावाच्या पोरीच्या वाट्याला निंगव्वा आली. नवलगुंदकडची, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. घरच्यांनी तिला नुसती गाठ म्हणून सांगितलेलं. चैत्रा हुशार, पण घाईची. तरी दोघींचं जमलं. म्हातारी तिच्यासाठी घरची शेंगाचटणी आणायची.

युगादीला निंगव्वा गावी गेली. सुनेनं सणाचं तेल चोळून, कडुलिंबाचा पाला टाकलेल्या कढत पाण्यानं तिला अंघोळ घातली. वर्षाच्या पहिल्या दिवशी अंगाला तेल नाही, असं त्यांच्या घरात कधी झालं नव्हतं. परत आली तेव्हा रेघा जवळजवळ गेल्या होत्या. आता मॅडम घरी पाठवणार, उपचार बंद पडणार, या धास्तीनं ती चैत्राच्या हातापाया पडली. चैत्राला दया आली. पुसट खुणांच्या अंदाजानं तिनं मार्करनं रेघा ओढून दिल्या.

निंगव्वा टेबलावर झोपली. मशीनवाल्यानं उजेड रेघांवर जुळवला आणि आम्ही सगळे बाहेर आलो. जाड दार सरकायला लागलं, तशी चैत्रा पांढरी पडली.

"थांबवा," ती म्हणाली. "मॅडम, त्या रेघा मी काढल्यात. अंदाजानं."

दार थांबलं. मी तिला फाडून खाणार होते, पण मॅडमनी हात वर केला. आत जाऊन त्यांनी निंगव्वाला उठवून बसवलं.

"पोरीला बोलू नगा, यव्वा," निंगव्वा मॅडमना म्हणाली. "मीच गळ घातली."

मॅडम बाहेर येऊन बाकावर बसल्या. नेम बोटभर चुकला असता तर काय झालं असतं, असं चैत्रानं हळूच विचारलं. रोज असं घडलं तर गाठ राहते आणि शेजारचं मूत्राशय भाजत जातं, मॅडमनी सांगितलं.

"हे आम्हाला माहीतच नव्हतं," चैत्रा रडत म्हणाली.

"कसं असणार? दर तुकडीला पहिल्या दिवशी मी हे दाखवते. या वेळी कंटाळा आला. म्हटलं, ऐकतंय कोण."

मला फार वाईट वाटलं. इतकी दमलेली बाई मी रोज बघत होते आणि चहा पुढे करण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

निंगव्वाचा त्या दिवसाचा उपचार गेला. नव्यानं मापं घ्यावी लागली. मॅडमनी तिला विचारून सगळ्या पोरांना टेबलाभोवती उभं केलं, आणि मापं बघून एकेक रेघ चैत्राकडूनच काढून घेतली. जेवणाची वेळ टळून गेली. कुणी मोबाइल काढला नाही.

"पुन्हा पुसल्या तर घरी धाडाल का?" निंगव्वानं विचारलं.

"नाही. पुसल्या तर लगेच मला सांगायचं," मॅडम चैत्राकडे बघत म्हणाल्या. "मी कितीही दमलेली दिसले, तरी सांगायचं."