श्यामण्णांची शिट्टी

आमच्या जुन्या बँडमधलं कोणीही फोनवर भेटलं की पहिली पाच मिनिटं गुडघे, शुगर आणि मुलांचे व्हिसा. मग कोणीतरी म्हणतं, "ते श्यामण्णांचं आठवतं का रे?" आणि पुढचा तास गेलाच म्हणून समजा. मी मुद्दाम काही साठवून ठेवलं नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याहून बंगलोरला सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी गेलो, रविवारी करायला काही नव्हतं म्हणून एका रॉक बँडमध्ये कीबोर्ड वाजवायला लागलो, आणि त्या बँडचे गायक नेमके श्यामण्णा निघाले. यातल्या काही गोष्टी मी इतकी वर्षं बोललो नाही, कारण त्यात माझाच हात होता. आज सांगून टाकतो.

* * *

प्रॅक्टिस व्हायची राजाजीनगरला, बॉस्कोच्या गॅरेजमध्ये. बॉस्को आमचा गिटारवाला. शेजारी पिठाची गिरणी. माझ्या पहिल्याच रविवारी दारात स्कूटर थांबली आणि चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ उतरले. कपाळाला गंध, खिशात दोन पेनं, हातात स्टीलचा डबा. मला वाटलं, शेजारचे कोणी आवाजाची तक्रार घेऊन आले. मी आपलं आधीच म्हणून टाकलं, "सॉरी अंकल, वुई विल कीप इट लो."

ते मराठीत म्हणाले, "का रे बाबा, मी तर आत्ताच आलो की."

हे श्यामराव. सगळ्या बंगलोरचे श्यामण्णा. घर चामराजपेटला, घराणं साडेतीनशे वर्षांपासून बंगलोरात, त्यामुळे मराठीत अर्धी कानडी मिसळलेली. आठवडाभर एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन आणि रविवारी इंग्रजी रॉक. कॉलेजच्या दिवसांपासून गात होते. बँडचं स्वतःचं एक गाणं होतं, 'मीटर गेज', छोट्या रुळांवरच्या आगगाडीवरचं. त्याच्या शेवटी श्यामण्णा गळ्यातून इंजिनाची शिट्टी काढायचे. लांब, उंच, अंगावर काटा आणणारी. लोक त्या शिट्टीसाठी यायचे.

त्या दिवशी त्यांनी ती काढली आणि गिरणीतला नवा माणूस पिठाने माखलेला धावत आला. गिरणीचा पट्टा जळाला असं वाटून तो मशीन बंद करून आला होता. श्यामण्णांनी त्याला डब्यातली कोडबळी, म्हणजे कानडी कडबोळी, दिली. म्हणाले, "हे दर रविवारी होणार. सवय करून घे."

* * *

श्यामण्णांचा एक नेम होता. दुसऱ्या एका बँडच्या गायकाने वयामुळे आपली गाणी खालच्या पट्टीत आणली, तेव्हा श्यामण्णांनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं, "ज्या दिवशी मला 'मीटर गेज' खाली उतरवावं लागेल, त्या दिवशी माइक ठेवला. पट्टी उतरवलेली शिट्टी म्हणजे मालगाडी."

बॉस्को हळूच मला म्हणाला, "ही मीन्स इट." मला तेव्हा ते नुसतं ऐकायला छान वाटलं. त्यातली भीती दोनेक वर्षांनी कळली.

* * *

दोनेक वर्षांनी एका कॉलेजच्या कार्यक्रमात शिट्टी पहिल्यांदा चिरकली. मधेच आवाज फाटला, दोन तुकडे झाले आणि दुसरा तुकडा कुठेतरी छपराला लागला. बॉस्कोने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. पण पोरं वेडी झाली होती, खुर्च्यांवर चढून नाचत होती. त्यांना वाटलं, ही अण्णांची नवी स्टाइल आहे.

पुढच्या वर्षी त्याच कॉलेजने श्यामण्णांना स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं. पाच बँड आले. पाचापैकी चार गायकांनी वरच्या सुरावर मुद्दाम आवाज फाडला. एकाने तर इतका मन लावून फाडला की पुढचं कडवं त्याला गाताच आलं नाही.

श्यामण्णांनी बक्षीस पाचव्याला दिलं. बाकीच्या चौघांना जवळ बोलावून म्हणाले, "घसा दाखवून घ्या रे राजांनो. मी उद्या जातोच आहे, चला सोबत."

* * *

आणि खरंच गेले. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. स्वरतंतू जाड झालेत, वय झालं की होतात, म्हणाले. तीन आठवडे बोलणं पूर्ण बंद.

श्यामण्णांनी मुलीची जुनी पाटी काढली. कारखान्यात पाटी, बँकेत पाटी, प्रॅक्टिसलाही पाटी. पण आमच्यासाठी लिहायचे ते इंग्रजीत, सगळं मोठ्या कॅपिटल अक्षरांत. बॉस्कोने चुकीची तार छेडली की पाटी वर व्हायची. बॉस्को म्हणायचा, "डॉक्टरला सांगा, हा माणूस अजून ओरडतोय."

एकदा ते ऑटोने निघाले. रिक्षावाल्याला पाटी दाखवली, 'राजाजीनगर'. रिक्षावाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, डोळ्यात पाणी आणलं आणि हुज्जत न घालता मीटर टाकून नेलं. बंगलोरात असं पहिल्यांदाच होत होतं. उतरताना त्याने खुणेने विचारलं, जन्मापासून का? श्यामण्णांनी लिहिलं, "गेल्या सोमवारपासून." स्वच्छ कानडीत लिहिलं होतं, तरी त्याला पटेना.

आम्ही हसून हसून दमलो. त्यांच्या बायको सुमाक्का मात्र हसत नव्हत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "घरात एवढं शांत मला सोसवत नाही रे. रोज सहाला उठून गातात. आता नुसते उठतात आणि बसून राहतात. गाणं थांबलं तर या माणसाचं काय राहील?"

* * *

उपाय मला सुचला. शहाणपणा म्हणा किंवा आगाऊपणा. कीबोर्डवर एक बटण असतं. ते दाबलं की बोटं आपली नेहमीच्याच जागी पडतात, पण वाजतं सगळं अर्ध्या सुराने खाली. शेजारच्या छोट्या लाल खिडकीत 'उणे एक' दिसतं. बॉस्कोने गिटारच्या खुंट्या तेवढ्याच ढिल्या करायच्या. ड्रमरला पट्टीशी देणंघेणं नव्हतं, म्हणून त्याला सांगितलंच नाही. तो अजूनही अंधारात आहे.

तीन आठवड्यांनी श्यामण्णा गायले. शिट्टी आली, स्वच्छ, सणसणीत. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता वाजवत राहिलो. दुसऱ्या दिवशी ते अर्धा किलो म्हैसूरपाक घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि त्यांचे पाय धरले. डॉक्टरांनी म्हैसूरपाक ठेवून घेतला. आपण नक्की कोणतं औषध दिलं, हे ते बराच वेळ फायलीत शोधत होते म्हणे.

* * *

वर्षभरात उणे दोन करावं लागलं. पण मला एक गोष्ट खटकायची. आपण एवढं खाली आणतोय, आणि अण्णा पहिल्या सुरापासून बिनचूक त्यातच कसे गातात? एकदाही अडखळत नाहीत?

एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो. सुमाक्का लहान मुलांना कर्नाटक संगीत शिकवायच्या, त्यांची तंबोऱ्यासारखा सूर धरणारी इलेक्ट्रॉनिक श्रुतीपेटी कोनाड्यात असायची. श्यामण्णा रोज सकाळी तिच्यावर रॉकचा रियाज करायचे. जगात असा दुसरा गायक असेल असं वाटत नाही. मी सहज पाहिलं, तर पेटीच्या गोल बटणाशेजारी पेन्सिलीच्या बारीक खुणा. एकाखाली एक अशा दोन.

अक्का मागे उभ्या होत्या. दबक्या आवाजात म्हणाल्या, "दर काही महिन्यांनी स्वल्प खाली सरकवते मी. त्यांना बोलू नको, तुला माझी शपथ आहे."

मी त्यांना आमचं बटण सांगितलं. अक्का इतक्या हसल्या की हातातली साराची पळी खाली ठेवावी लागली. आतून श्यामण्णांनी विचारलं, "काय झालं गं?" अक्का म्हणाल्या, "काही नाही, दिलीपला सार तिखट लागलं." त्या पापाबद्दल मला दोन वाट्या सार जास्त प्यावं लागलं.

त्यानंतर आमचं काम शिस्तीत सुरू झालं. ऑफिसात अक्कांचा फोन यायचा, "दिलीप, मी अर्धा उतरवलाय, तुम्ही पण उतरवा." मी कानडीत होकार द्यायचो, "सरी अक्का, अर्धा खाली, बॉस्कोला कळवतो." शेजारच्या टेबलावर नागपूरचा एक मित्र बसायचा. सहा महिने त्याने कान देऊन ऐकलं आणि शेवटी कॅन्टीनमध्ये मला कोपऱ्यात गाठून विचारलं, "यार, कोणता शेअर आहे तो? विकू का मी पण?"

* * *

फजिती होता होता राहिली ती एका कॅसेटमुळे. चामराजपेटचे एक जुने चाहते प्रॅक्टिसला आले आणि त्यांनी कौतुकाने खिशातून दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाची कॅसेट काढली. आम्ही काही बोलायच्या आत टेपरेकॉर्डरमध्ये घातलीही. 'मीटर गेज' सुरू झालं. आम्ही नुकतंच वाजवलेलं आणि हे, यात चक्क तीन पायऱ्यांचा फरक. बहिऱ्यालाही कळला असता.

बॉस्को गिटार पुसायला लागला. मी इंजिनियर, म्हणून मी तोंड उघडलं. म्हटलं, "अण्णा, जुन्या टेपची लांबी आखडते. शिवाय या रेकॉर्डरची मोटर पळते जोरात. म्हणून सगळं उंच ऐकू येतं." वर एका कागदावर दोन चाकं आणि एक बाणही काढून दाखवला.

श्यामण्णांनी ड्राफ्ट्समनच्या नजरेने ते चित्र नीट पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "असं होय. तरीच त्या टेपमध्ये मी तरुण वाटतो."

* * *

आता शेवटचा किस्सा. हा मी पाहिला, बॉस्कोने पाहिला, अक्कांनी पाहिला, आणि आम्ही तिघांनीही यावर आपसात कधी चर्चा केलेली नाही.

रविवारची सकाळ. बागेतला खुला रंगमंच, समोर हजारभर माणसं, पहिल्या रांगेत सुमाक्का. तोवर आम्ही उणे चारवर आलो होतो. सगळं छान चाललं होतं, शेवटचं 'मीटर गेज' राहिलं होतं, आणि वीज गेली. दहा मिनिटांनी जनरेटर सुरू झाला. लोक "मीटर गेज, मीटर गेज" करत होते. श्यामण्णांनी मला मान हलवून खूण केली.

गाण्याची सुरुवात एकट्या कीबोर्डची असते, चाकांचा ठेका. मी सुरू केलं आणि दुसऱ्याच आवर्तनाला लक्षात आलं. वीज गेली की कीबोर्ड सगळं विसरतो आणि शून्यावर येतो. लाल खिडकीत भलंमोठं शून्य. मी मूळ पट्टीत वाजवत होतो, अण्णांच्या तरुणपणच्या. बॉस्कोची गिटार चार पायऱ्या खाली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तारांवर तळवा ठेवला. आत्ता बटण दाबलं तर हजार लोकांसमोर अण्णांना कळणार. नाही दाबलं तर हजार लोकांसमोर त्यांचा आवाज फाटणार. दोन्हीकडून माइक खाली ठेवणार होते ते, आणि तेही माझ्यामुळे. माझी बोटं नुसती चालत राहिली.

श्यामण्णांनी हात वर केला. मी थांबलो. माइकवर तळवा ठेवून ते सावकाश माझ्याकडे चालत आले. माझ्याकडे बघितलं नाही. कीबोर्डवर वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि ते बटण स्वतःच्या बोटाने दाबलं. एकदा. दोनदा. तीनदा. चारदा.

पहिल्या रांगेत अक्का खाली मान घालून पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

श्यामण्णा लाल खिडकीकडे क्षणभर बघत राहिले. घसा खाकरला. मग पाचव्यांदा दाबलं.

सरळ झाले, बॉस्कोकडे वळून म्हणाले, "यू टू. वन मोअर."

बॉस्को खुंट्या पिळायला लागला. एक तार दोनदा चुकली. लोक चुळबुळ करायला लागले. श्यामण्णा माइकपाशी गेले, तळवा काढला आणि आम्हा दोघांकडे बोट करून अत्यंत दिलगिरीने म्हणाले, "वन मिनिट, प्लीज. न्यू बॉइज."

मग मागे न बघताच त्यांनी काउंट दिला.