आधी ताई, मग मशीन

आमच्या ताईला घरात सगळे ‘दुर्बीण’ म्हणतात. धान्यातला खडा असो की नवऱ्याची थाप, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. मी तिची धाकटी बहीण, त्यामुळे लहानपणी या नजरेचा जाच सगळ्यात जास्त मलाच झाला. नोकरीही तिला तशीच मिळाली. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात तापाचे जंतू शोधायचे. शेत नांगरावं तशी ती काचपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओळीला ओळ लावून बघायची. मध्येच कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात.

मग तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेचं मशीन आलं. ते काचपट्टीचा फोटो काढायचं आणि संशय येईल तिथे पडद्यावर लाल गोल करायचं. ताईने फक्त गोलांत बघून हो की नाही ते सांगायचं. काम भराभर उरकू लागलं, ताईची पाठ दुखायची थांबली. भाऊजी मशीनवर इतके खूश, की त्याला घरी जेवायला बोलवायचं तेवढं बाकी होतं.

एक दिवस वॉर्डातून डॉक्टरांचा फोन आला. एका शाळकरी मुलीचा ताप हटत नव्हता आणि रिपोर्टात तर काहीच नव्हतं. ताईने तीच काचपट्टी पुन्हा लावली, या वेळी जुन्या पद्धतीने. कडेच्या ओळीत जंतू होते! मशीनने तिथे गोल केला नव्हता, आणि गोल नाही म्हणून ताईने तिकडे पाहिलंच नव्हतं. औषध सुरू झालं, मुलगी वाचली, पण मधल्या काळात तिचे हाल झाले ते झालेच.

ताईने घरी येऊन चपला काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. सगळं ऐकल्यावर भाऊजी म्हणाले, "अगं, चूक मशीनची. तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

"मशीनला दिसलं नाही हो, पण मी तर बघितलंच नाही. माझ्याच डोळ्यांवर माझा भरवसा राहिला नाही. राजीनामा देते मी."

मला रागच आला. "म्हणजे मशीन तिथे राहणार आणि तू घरी बसणार? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

ती काही हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी मशीन बनवणारी बाई चौकशीला आली, तेव्हा ताईने तिला धरलं. "गोल आधी दिसला की डोळा तिथेच अडकतो बाई. आधी मला बघू द्या, मग तुमच्या मशीनला बोलू द्या."

बाई शहाणी निघाली. ताईशेजारी खुर्ची ओढून दिवसभर बसली. "मशीन किती चुकतं ते आम्ही तपासलं," ती म्हणाली, "गोल दिसल्यावर माणसाचं काय होतं, ते राहूनच गेलं." प्रयोगशाळेचे साहेब कुरकुरले, वेळ जास्त लागेल म्हणून. बाईने विचारलं, "दोघांनी एकाच ठिकाणी बघायचं, तर मग दोघं हवेत कशाला?" साहेबांनी परवानगी दिली. बाईने मशीनमध्ये तसा बदल केला, आणि वर स्वतःची एक अट घातली: ताईने आपलं मत नोंदवल्याशिवाय गोल उघडणारच नाहीत. कंटाळा आला म्हणून आधीच डोकावायची सोय नाही. ही अट ताईला जरा झोंबली, पण तिने ती मानली. लिहिलेला राजीनामा मात्र तिच्या पर्समध्ये तसाच होता, आणि माझा जीव टांगणीला.

मग एका संध्याकाळी ती दारातूनच म्हणाली, "आज मी चुकले."

आता कसली नोकरीत थांबते ही!

"काचपट्टीला लावतो त्या रंगाचा ठिपका समजून एक जंतू सोडला मी. मशीनने पकडला. रिपोर्ट जायच्या आधीच."

"मग?" मी घाबरत विचारलं.

"मग काय! बघून चुकले गं," ताई म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसली. "तो ठिपका कसा दिसतो, ते आता पक्कं कळलंय मला."