लेकीची घरबसल्या नोकरी

१२ एप्रिल. कुरडया घालायच्या होत्या. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक भल्या सकाळी शिजवला आणि पातेलं गच्चीवर नेलं. ऊन वाढायच्या आत आटोपायचं, म्हणून लेकीलाही उठवलं. तिची त्या दिवशी सुट्टी होती.

वर्षभरापासून ती घरूनच काम करते. लोक फोनवर व्हिडिओ टाकतात, त्यांतले मारहाणीचे, अपघातांचे, त्याहून वाईट असलेले बघून काढून टाकायचे. कंपनी परदेशातली. कामाबद्दल घरातही बोलायचं नाही, असं लिहून घेतलंय. तिची झोप उडाली तेव्हा कुठे मला एवढं कळलं. गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत मात्र तिचं कौतुकच.

मदतीला आलेली शेजारीण सोऱ्या फिरवता फिरवता म्हणालीच, "तुझं बरंय बाई. पंख्याखाली बसून व्हिडिओ बघायचे आणि पगार घ्यायचा."

"या ना काकू, तुमचं नाव सुचवते," लेक म्हणाली. हसली नाही.

पहिला गरम चीक पोरांना वाटीत द्यायचा, ही आमच्याकडची रीत. लेक वाटी घेऊन पाण्याच्या टाकीपाशी बसली होती. शेजारणीची लहानगी नात चिकासाठी धावत आली, अंथरलेल्या प्लास्टिकमध्ये तिचा पाय अडकला आणि ती टाकीच्या कडेवर आपटली. कपाळातून रक्त आलं. लेक हातभर अंतरावर होती. हलली नाही. पोरीकडे नुसती बघत राहिली. बोट तेवढं वाटीवर टकटक करत होतं, माऊसवर करतं तसं.

मी धावले. खोक खोल नव्हती. हळद दाबली, रक्त थांबलं.

"दगड आहेस का गं?" शेजारीण लेकीला म्हणाली आणि नातीला घेऊन खाली गेली.

उरलेल्या कुरडया आम्ही दोघींनीच घातल्या.

"तुला दिसलं नाही का?" मी विचारलं.

"दिसलं. पुढचा व्हिडिओ यायची वाट बघत होते." मग हातातली कुरडई पुरी करून म्हणाली, "आई, ती खरी आहे हे लक्षातच आलं नाही."

"सोड ती नोकरी."

"मी सोडली तर दुसरी कुणीतरी बघत बसेल."

मी सोऱ्यात उरलेला चीक भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची शिफ्ट सुरू व्हायच्या आत मी माळ्यावरून लॅपटॉपचा खोका काढला. कंपनीचा लॅपटॉप, चार्जर, हेडफोन आत ठेवले. ती दारात उभी राहून बघत होती. मग आत गेली आणि चिकटपट्टी शोधून आणली. मी खोका बंद केला आणि कुरडया उलटायला गच्चीवर गेले.