मार्थामावशीची नाताळची पंगत

किस्से कुणी जमवायचे म्हणून जमवत नाही. शेजाऱ्यांच्या डब्यांसारखे ते आपोआप साठत जातात. एक डबा लोणचं घेऊन येतो, एक करंज्या घेऊन जातो, आणि काही वर्षांनी फळीवर अशी गर्दी होते की डबा कुणाचा आणि झाकण कुणाचं हे देवालाही सांगता येऊ नये. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत राहून माझी फळी अशीच भरली आहे. त्यातला निम्मा माल एकाच घरातला, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मार्थामावशीचा.

मावशीची हौस एकच. नाताळच्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस एका पंगतीत जेवायला बसलं पाहिजे. यात काय अवघड, असं तुम्ही म्हणाल. पण शमुवेलकाका पॅसेंजर गाडीवर गार्ड. नाताळ दरवर्षी पंचवीस डिसेंबरलाच येतो आणि गाड्या त्या दिवशीही धावतातच. शिवाय घरचा नियम असा की जेवणाआधीची प्रार्थना काकांनीच करायची, आणि सगळे बसल्याशिवाय करायची नाही. आता जुळवा!

•

सेलूहून नवरी होऊन मी या कॉलनीत आले तो हिवाळा होता. एका सकाळी मावशी ताट घेऊन दारात उभी. करंज्या, शंकरपाळे, चिवडा. मी अगदी सुनेच्या नम्रतेने विचारलं, "दिवाळीचं अजून उरलंय का?" मावशी इतकी हसली की करंजी ताटातून घरंगळली.

मग मला तिच्या घरची व्यवस्था कळली. नाताळच्या जेवणाला अख्खी गल्ली असायची आणि गल्लीत निम्मी घरं न खाणारी. त्यात आमचं घर माळकरी. माझ्या सासूबाई (सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणते) म्हणजे कांद्याची भजी तळलेल्या तेलालाही चौकशी करून हात लावणाऱ्या. म्हणून मटण शिजायचं मागच्या अंगणात तीन विटांच्या चुलीवर, आणि मावशीच्या स्वयंपाकघराचा ताबा त्या दिवशी अक्कांकडे. पुरणपोळ्या त्यांच्या. तवा, पातेलं, पळी सगळं घरून न्यायचं. मटणाची पळी चुकून ओट्यावर आली तर अक्का ओटा दोनदा धुवायच्या आणि मावशी त्यांना पाणी ओतून द्यायची.

पण खरी गंमत पुढेच. मी पोळ्या लाटत होते, अक्का शेकत होत्या, खिडकी अंगणाकडे उघडी. एकदम अक्कांनी नाक वर केलं.

"मार्था, कांदा जळायलाय."

थोड्या वेळाने, "खोबरं कमी पडलंय बघ." मग, "आता झाक. उगं हलवत बसू नकोस." जन्मात मटणाचा तुकडा न पाहिलेल्या बाईने खिडकीतून सबंध मटण शिजवून घेतलं! जेवताना लोक बोटं चाटत होते. मी हळूच विचारलं की तुम्हाला हे कसं कळतं. अक्का म्हणाल्या, "खात न्हाई. नाक हाय ना मला."

•

काका त्या दिवशी घरी होते. हात धुऊन, नवा शर्ट घालून पाटावर बसले होते. मावशीचा चेहरा असा की आता हिला काही मागायचं राहिलं नाही. तेवढ्यात ड्यूटीचा कॉल आला. दुसरा गार्ड आजारी पडला होता.

काकांनी बसल्या बसल्या डोळे मिटून दोन ओळींची प्रार्थना केली आणि उठले. मावशीने डबा भरला. दुसऱ्या दिवशी ते परतल्यावर तिने विचारलंच, गरम करून खाल्लं होतं का.

"कशावर करू? सिग्नलच्या दिव्यावर?"

मध्यंतरी काकांचा हुद्दा बदलला. गार्डचे ट्रेन मॅनेजर झाले. मावशीने आनंदाने गल्लीत पेढे वाटले, तिला वाटलं आता मॅनेजर म्हटल्यावर नाताळची रजा आपल्याच हातात. काका म्हणाले, "मॅनेजर झालो खरा, पर रजा देणारा मॅनेजर येगळा हाय." पेढे मात्र छान होते.

•

केकचं वेगळंच. मावशीकडे ओव्हन नाही, कॉलनीत कुणाकडेच नव्हता तेव्हा. केकचं मिश्रण डब्यात घेऊन स्टेशनजवळच्या सलीमभाईंच्या भट्टीवर जायचं. त्याच वेळी अक्कांची नानकटाई. आता एकाच भट्टीत अंड्याचा केक आणि माळकऱ्याची नानकटाई, हे कसं चालायचं? अक्का स्वतः जाऊन भट्टीसमोर स्टूल टाकून बसायच्या.

सलीमभाई त्यांना दुरून येताना पाहूनच सांगायचे, "अम्मा, तुमारा ट्रे पैले डालतूं, फिकर नक्को करो." आणि खरंच, अक्कांची नानकटाई बाहेर येईपर्यंत ते मावशीच्या केकला आत शिरू देत नसत.

एका वर्षी मावशीला वाटलं, अक्कांनी एवढी वर्षं आपला केक चाखला नाही, तर बिनअंड्याचा करू. केला. सलीमभाईंनी भाजला. तो कापताना सुरीचा दांडा निघाला. मावशीचा मुलगा दानी म्हणाला की राहू दे आई, दाराला अडकण लावायला होईल. मावशी रडकुंडीला आली. अक्कांनी मात्र एक तुकडा घेतला, तोंडात ठेवला आणि पुरणाचं सगळं काम उरकेपर्यंत तो चघळत राहिल्या. "गोड हाय," एवढंच म्हणाल्या.

उरलेला केक काकांनी ड्यूटीवर नेला. प्रवासात टिकेल म्हणाले.

•

एकदा नाताळ नेमका मार्गशीर्षातल्या गुरुवारी आला. झालं! खाणाऱ्या घरांतल्या बायकांचेही उपास, संध्याकाळी महालक्ष्मीची पूजा, घरात मटणाचं नाव काढायची सोय नाही. गल्लीने मावशीला सांगितलं की तू तुझं कर, आम्ही पुरणपोळी खाऊ, वेगळे बसू.

वेगळे बसू म्हटल्यावर मावशीने मटण रद्दच केलं. पंगत एक म्हणजे एक. मटणाच्याच मसाल्यात तिने शेवग्याच्या शेंगांची आमटी केली. रंग तोच, तर्री तीच, आणि खिडकीतून हुकूम सोडणारं नाकही तेच. संध्याकाळी पूजा उरकून बायका आल्या आणि चुलीवरचं पातेलं खरवडून गेल्या.

फक्त एक गोष्ट राहून गेली. दुपारी काकांना डबा देताना हे सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. काका दुसऱ्या दिवशी आले ते डबा हातात घेऊन सरळ मागच्या अंगणात गेले आणि चुलीपाशी बघत उभे राहिले. मावशीने विचारलं काय झालं.

"पूर्णा सुटल्यापासून चमच्यानं पीस धुंडायलोय. परभणी आली, पीस न्हाई आला."

•

मग एकदा रजा मिळाली. हो, खरंच मिळाली! मावशी आठ दिवस गल्लीत पाय जमिनीला न लावता हिंडत होती. मुलगी रूथ नांदेडहून आली, दानी आला, सतरंज्या धुतल्या.

चोवीस तारखेला काकांना ताप भरला. डॉक्टरांनी मऊ भात आणि ताक सांगितलं. काका आतल्या खोलीत गोधडी पांघरून, आणि बाहेर पंगत. आतून थरथरत्या आवाजात प्रार्थना आली, बाहेरच्यांनी आमेन म्हटलं. मावशी आत भात घेऊन गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे पुसलेले होते. मला त्या नाताळची चव आठवत नाही.

•

पुढच्या वर्षी दानीने तोडगा काढला. बाबा गाडीवर असले म्हणून काय झालं, फोन आहे ना! पंगत बसली, मधोमध उलट्या वाटीवर फोन ठेवला. काकांची गाडी मिरखेलला क्रॉसिंगसाठी उभी होती. त्यांनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. आम्ही पुरणपोळीवाल्यांनीही मिटले.

काकांनी अन्नाबद्दल आभार मानले, पिकापाण्याबद्दल मानले, ऊसतोडीला गेलेल्यांना थंडीत सांभाळ म्हणाले. मग समोरून दुसरी गाडी आली. तिचा भोंगा अख्ख्या पंगतीने ऐकला. आणि फोन बंद.

आता आली का पंचाईत! आमेन झालं नाही. आमेन झालं नाही म्हणजे प्रार्थना चालू आहे, आणि प्रार्थना चालू आहे म्हणजे घास उचलता येत नाही. दानी फोन लावतोय, लागत नाही. मटणाची वाफ नाकात जातेय. रूथ एक डोळा उघडून आईकडे बघतेय. मावशी हात जोडून तशीच, ओठ घट्ट. बाकी कुणी प्रार्थना संपवली असती तर काय बिघडलं असतं? पण तिथं कुणाची हिंमत होईना.

स्वयंपाकघराच्या दारात अक्का झारा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "आमेन. जेवा आता लेकरं हो, पोळी थंड व्हायलीय."

सगळे जेवले. रात्री काकांचा फोन आला, प्रार्थना कुठपर्यंत ऐकू आली विचारायला. मावशी म्हणाली, "पूर्ण झाली. अक्कांनी केली." पलीकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत होतं.

•

या वर्षी पावसाळ्यात काका रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं होतं, पण नाताळपर्यंत मुदत मिळाली. नंतर दानीकडे परभणीला. म्हणजे काकांचा पंगतीतला पहिला नाताळ, आणि आमच्या गल्लीतला शेवटचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मावशीने नेहमीपेक्षा जास्त मसाला वाटला. अक्का खिडकीतून नेहमीपेक्षा जास्त ओरडल्या.

बाहेरच्या खोलीत सतरंज्या पडल्या. भिंतीला लागून काका, शेजारी दानी, मग रूथ, मग गल्ली. मटणाचं पातेलं आत आणून मधोमध ठेवलं. खूप वर्षांनी कुणाचा कॉल येणार नव्हता. फोन काकांनी स्वतःच बंद करून फळीवर ठेवला. मी शेवटच्या चार पोळ्या डब्यात ठेवून रांगेच्या टोकाला येऊन बसले. आत अक्का तव्याशी.

काकांनी हात जोडले. आम्ही डोळे मिटले.

काही ऐकू येईना. डोळे उघडून पाहिलं तर काका पंगतीकडे बघत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, गाडी सोडण्याआधी फलाट बघावा तसे.

मावशी म्हणाली की करा ना सुरू, सगळे बसलेत.

"एक पॅसेंजर अजून खालीच हाय," काका म्हणाले. "गाडी सोडता येत न्हाई."

मावशी पातेल्याजवळ उभी होती. हातात पळी, पदर खोचलेला, जशी दर वर्षी असते तशी. काकांचं रिकामं ताट सबंध गल्लीने दर नाताळला मोजलं होतं. मावशीचं ताट मांडलेलंच नसायचं, म्हणून ते रिकामं आहे हे कुणाला दिसलं नव्हतं.

ती म्हणाली, मी वाढून बसते, तुम्ही करा. काकांनी जोडलेले हात खाली घेतले. ती म्हणाली, मग वाढणार कोण? रूथ उठायला लागली तर काकांनी तिला हाताने खाली बसवलं. "तू उठलीस की परत एक कमी." दानीने आपल्या नि रूथच्या मध्ये जागा केली, एक ताट मांडलं. मावशी पळी पातेल्यावर आडवी ठेवून खाली बसली. बसली खरी, पण हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

काकांनी प्रार्थना केली. लहानच केली. आमेन झालं. आणि मग सगळी पंगत ताटं पुढे घेऊन तशीच बसून राहिली. मटण मधोमध, आणि वाढायला उभं असं कुणीच नाही.

स्वयंपाकघरात गॅस बंद झाल्याचा आवाज आला. अक्का बाहेर आल्या. त्यांनी हात पुसले, गळ्यातली माळ पदराआड सारली आणि वाकून पातेल्यावरची ती पळी उचलली. झाकण काढलं. वाफ तोंडावर आली तरी मान वळवली नाही. पातेलं कडेवर धरून त्या सरळ मावशीच्या ताटापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि आत डोकावून बघू लागल्या. बघतच राहिल्या.

मग खाली वाकून हळूच विचारलं, "मार्था, यात चांगलं कुठलं असतंय गं?"