सॅडल पीक चढलेला पाहुणा

ये वं बाई, अशी जवळ ये. कागदावर का होईना, पण जवळ बसून वाच. उन्हाळा गेला, दिवाळी गेली, तुझं तोंड दिसलं नाही, आणि आता एकदम फोनवर फोटो! हिरवेगार डोंगर, खाली निळं पाणी, आणि वर लिहितेस, "आजी, सॅडल पीक चढले, अंदमानातलं सगळ्यात उंच!" म्हाताऱ्या आजीला आधी एक फोन करवत नव्हता का तुला? मी फोटो पाहिला आणि तोंडातून "शी!" निघालं. तुझ्या आईनं लगेच चुगली केली आणि तू रुसून बसलीस. रुसू नको. ती शी तुझ्यासाठी नव्हती, त्या डोंगरासाठीही नव्हती. कोणासाठी होती ते आता सांगते, कारण आता सांगायला हरकत नाही. ज्यांना ऐकून वाईट वाटलं असतं ते आता राहिले नाहीत.

गोष्ट तुझ्या लहान आजीची, म्हणजे माझ्या पाठच्या बहिणीची. सत्तरनंतरची काही वर्षं समज. माझं लग्न झालं होतं, पण सासर दोन गल्ल्या पलीकडेच, त्यामुळे एक पाय कायम माहेरात. बाबा नागपूरच्या कापडाच्या मिलमध्ये मागावर होते. बहीण मॅट्रिक झालेली, शिवणाच्या क्लासला जायची, आणि तिच्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं. त्यात हे एक आलं. मुलगा मूळचा वर्ध्याकडचा, पण नोकरीला अंदमानात. सरकारी नोकरी, राहायला क्वार्टर. बाबा हवेतच चालायला लागले. माय मात्र डोळ्याला पदर लावून बसली.

"काळ्या पाण्यावर पोरगी देता? तिथं तर खुनी माणसाईले पाठवत."

"अवं, ते इंग्रजाच्या राज्यात. आता तिथं पोस्ट हाये, शाळा हाये, समदं हाये."

आणि जिला जायचं होतं ती? ती तर नाचायचीच बाकी होती! तिनं शेजारच्या मास्तरांकडून नकाशांचं पुस्तक मागून आणलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं ज्याच्यात्याच्या पुस्तकात डोकं घालून. मग आम्ही दोघी चुलीपुढे ते पुस्तक उघडून बसायचो. पीठ लागलेलं बोट नकाशावर ठेवून ती सांगायची, हे बघ ताई, सगळ्यात उत्तरेच्या बेटावर सॅडल पीक, घोड्याच्या खोगिरासारखं मधे दबलेलं. मधल्या बेटावर माउंट डायव्होलो. पोर्ट ब्लेअरच्या समोर माउंट हॅरिएट, तिथं इंग्रज साहेब उन्हाळ्यात गारव्याला जाऊन राहायचे. आणि पार खाली, जिथं देश संपतो त्या ग्रेट निकोबार बेटावर, माउंट थुलियर. हॅरिएट हे म्हणे एका साहेबाच्या बायकोचं नाव. आता ते नावही बदललंय म्हणतात.

"पाह्य ना ताई," ती म्हणाली, "साहेबानं डोंगराले बायकोचं नाव देलं. आपल्याकडं तर लग्नात बायकोचंच नाव बदलून टाकतेत!"

मग मास्तरांनी सांगितलं की त्या सगळ्या बेटांवरचं उंचातलं उंच शिखरही आपल्या चिखलदऱ्याहून ठेंगणं आहे. तिला त्याचं काही वाटलं नाही. म्हणाली, "हो, पण चिखलदऱ्याच्या पायाशी समुद्र कुठं हाये?" तिनं समुद्र पाहिला नव्हता. घरात कोणीच पाहिला नव्हता.

पाहुणे आले ते ऐन मे महिन्यात. मुलगा, त्याची माय आणि मामा. मुलगा दिसायला नीटनेटका, कडक इस्त्रीचा शर्ट, पायात जाड बूट. कचेरीत कारकून होता, पण साहेबांबरोबर जंगलात मोजमापाला जावं लागायचं, त्यामुळे डोंगर पायाखालचे. बोलायला लागला आणि खरं सांगते, सुरुवातीला मलाही तो आवडला. सॅडल पीकचा वरचा भाग ढगात कसा असतो, झाडं इतकी दाट की दुपारीही कंदील लावावासा वाटतो, ढग हटले की खाली पाणीच पाणी. दाराआड उभ्या बहिणीनं माझा दंड घट्ट धरला होता.

मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेले. तो म्हणाला, "पण तिथल्या जळवा! पावसात तर पानापानाले." आणि काय केलं असेल? बूट काढला, मोजा काढला, पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवली आणि पाय उचलून पोह्यांच्या बशीशेजारी, स्टुलावर ठेवला! पायावर काळे काळे डाग. त्यातल्या एकाची खपली त्यानं नखानं उचकटून दाखवली आणि त्याच बोटांनी चिमूटभर शेव उचलून तोंडात टाकली. मोज्याचा वास आख्ख्या खोलीत. त्याचा मामा म्हणतो, "मर्द गडी हाये आमचा!" आणि बाबा, माझे बाबा, हसून मान डोलावताहेत! ती बशी मी नंतर राखेनं तीनदा घासली, तरी तिच्यात कोणाला वाढवेना.

त्याची माय आत आली, पोरीला जवळून पाहायला. केस सोडायला लावले, चालायला लावलं, ते तर तेव्हा सगळेच करायचे. पण ही बाई खाली बसली आणि म्हणाली, "आमचं क्वार्टर टेकाडावर हाये. पोटरी दाखव." आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत तिनं माझ्या बहिणीचं लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं आणि दोन्ही हातांनी पोटऱ्या दाबून पाहिल्या. अशा दाबल्या, बाई, जसे बैलबाजारात गोऱ्ह्याचे पाय दाबतात. तिच्या हाताला तंबाखू लागलेली होती. बहिणीच्या गोऱ्या पायावर त्या बोटांचे ठसे उमटले. मी पदर ओला करून ते पुसले. बहीण दाराकडेच पाहत होती. तिला अजून समुद्र दिसत होता.

तेवढ्यानं भागलं नाही. बाहेर जाऊन बाईनं जाहीर केलं, "पोटरी बरी हाये, पण दम पाहा लागन. रामटेकचा गड चढून दाखवा. वरच सुपारी फोडू."

सुपारी फोडणं म्हणजे तुम्हा आजकालच्या पोरींना काय कळणार! दोन घरांच्या साक्षीनं सुपारी फुटली की सोयरीक पक्की. मग मागे फिरणं नाही. फिरलं तर बापाचं नाक कापलं.

मला वाटलं, बाबा आता म्हणतील, माझी पोरगी काय घोडी आहे? पण बाबा म्हणाले, "हाव, हाव, काहून नाही!" त्या दिवशी मला बाबांचीसुद्धा शिसारी आली. असं लिहायला नको, बापाबद्दल. पण आली.

गेलो मग रामटेकला, बसनं. मे महिन्याचं ऊन, पायऱ्या तव्यासारख्या तापलेल्या. बहीण पुढे, तिच्या मागोमाग ती बाई, कान टवकारून. हो, श्वास ऐकायला! मधूनच म्हणायची, "थांबू नको वं, चाल." बहीण थांबलीच नाही. कठड्यावरची माकडं आमच्याकडे पाहत होती आणि मला वाटलं, हीच काय ती माणसासारखी बसलीत. बहीण वर पोचली तेव्हा कपाळावर घाम, पण श्वास कसा, घरात बसल्यासारखा. ती बाई मात्र पायरीवर बसून हाशहुश करत होती, आणि तिचा परीक्षा घेणारा भाऊ अजून निम्म्यातच.

वर झाडाखाली सगळे टेकलो. खाली तळ्याचं पाणी चमकत होतं. त्याच्या मायनं रुमालातून सुपारी आणि अडकित्ता काढला. मामा वर येईपर्यंत थांबायचं होतं, तेवढ्यात बहिणीनं पहिल्यांदा थेट त्याला विचारलं. हळू आवाजात.

"सॅडल पीकवर सामान कोण नेते?"

"मजूर असतेत ना. रांचीकडले." त्याला गोष्ट सांगायला निमित्तच पाहिजे होतं. "एक डाव तर गंमतच झाली. चढता चढता एका गड्याले ताप भरला. असा थडथड उडून राहिला होता. साहेब म्हणे वापस फिरू. मी म्हटलं, साहेब, इतक्या जवळ येऊन वापस? याले ठेवू झाडाखाली, शिखर पाहून येऊ, उतरताना घेऊ. गेलो. वरून काय देखावा! उतरून पाहतो तं गडी तिथंच, अन् त्याच्या तोंडावर जळवा. पापण्याईवर, नाकात. डोळे उघडताच येत नव्हते त्याले!" आणि हसला. पापण्या उघडायची नक्कल करून दाखवली. त्याची मायही हसली.

"जिता होता?" बहिणीनं विचारलं.

"होता थोडासा."

थोडासा! अजून तो शब्द माझ्या कानात वळवळतो.

"मंग?"

"मंग काय, खाली पाठवला. पुढचं काय मालूम." त्यानं हात झटकला. "दुसरा भेटला आमाले."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, वाळत घालून विसरलेल्या कपड्यासारखं. ते तळ्याकडे पाहायला लागले. शब्द दिलेला होता. मामा धापा टाकत येऊन पोचला. त्याच्या मायनं सुपारी अडकित्त्यात धरली आणि म्हणाली, "दम पक्का हाये पोरीचा. आमाले पसंत."

आणि माझी बहीण खोकायला लागली.

आधी हळू, मग जोरात. छातीवर हात, डोळ्यांत पाणी, बसल्या जागी जवळजवळ कोसळलीच. घशातून अशी शिट्टी काढली की मी घाबरून पाठ चोळायला धावले. "मले... मले दम लागते," ती म्हणाली. "लहानपणापासून. चढलं की मागाहून लागते." आमची माय रडायला लागली. बाबा पाणी, पाणी करत धावले. ती बाई मात्र दोन पावलं मागे सरकली, पदर नाकाला लावला, आणि सुपारी परत रुमालात बांधली. "दमेकरी पोरगी गळ्यात बांधत होते आमच्या!" म्हणाली. तो मर्द गडी, सॅडल पीक चढलेला, त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं ते आपण गटारातल्या मेल्या उंदराकडे पाहतो तसं. पाणी विचारायलासुद्धा पुढे आला नाही. चौघांच्या देखत तिघं उतरून गेले.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. श्वास एकदम साफ.

"ताई, मले काही नाही झालं," ती माझ्या कानात म्हणाली. "नाही म्हटलं असतं तं बाबांची इज्जत गेली असती. दम्यानं फक्त माही गेली. पण त्या माणसासंग एका ताटात जेवणं? नाही वं होत माह्यानं."

तिची गेलीच. तोंडातोंडी नागपूरपासून वर्ध्यापर्यंत झालं, अमक्याची धाकटी दमेकरी. पुढची कित्येक वर्षं एक स्थळ आलं नाही. पण त्याहून वाईट ते घरात. बाबांनी मनाला लावून घेतलं. "म्या चढवलं तुले उन्हात, माह्यानंच हा रोग उठला," म्हणायचे. रोज पहाटे मिलच्या पाळीला जायच्या आधी स्वतः अडुळशाचा काढा उकळायचे, हिरवाकाळा, कडूजहर, घरभर वास. आणि ती धडधाकट पोरगी बापासमोर उभी राहून तो ग्लासभर प्यायची. एक दिवस चुकला नाही. मी म्हणायची, सांगून टाक ना वं त्यांना. ती म्हणायची, "काय सांगू? का तुम्ही त्या माणसाले हो म्हणत होते अन् मी तुमच्यादेखत खोटं खोकली?" मला त्या काढ्याचा वास अजून सहन होत नाही. बाहेर कुठे आला तरी मी दुसऱ्या बाजूनं जाते.

पुढे ती हिंगण्याला कारखान्यात लागली, शिवणाच्या कामावर. कंपनीच्या बसनं जायची-यायची. तिथल्याच एका सुपरवायझरनं विचारलं, "तुम्हाला दमा आहे म्हणतात?" ती म्हणाली, "नाही." "मग लोक काहून म्हणतात?" "एक माणूस पसंत नव्हता." तो इतका हसला म्हणे की बस चुकली. तो म्हणजे तुझे लहान आजोबा. लग्नात बाबांनी त्यांना बाजूला नेलं, काढ्याची बाटली हातात दिली, प्रमाण समजावलं, आणि म्हणाले, "जावईबापू, चढावर नका नेऊ पोरीले." त्यांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली, मान खाली घालून म्हणाले, "नाही नेणार." बाबा असेपर्यंत त्यांनी तो शब्द पाळला, आणि बाबा गेल्यावर ती बाटलीही ठेवली नाही घरात.

म्हणून ती शी, बाई. तुझ्या फोटोत मला हिरवं दिसतच नाही. मला त्या मजुराच्या पापण्या दिसतात. त्याला घरी पोचवणारं कोणी भेटलं की नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही. तुझी लहान आजी म्हणते, लिही, आता लपवायचं कोणापासून? तिनं हे सगळं वाचलं, दोन ठिकाणी मला रागावली, आणि म्हणाली, पोरीला म्हणावं, तिथं तुझं सामान कोणी उचललं ते आम्हाला नीट सांग. फोनवर नको, तोंडानं सांग. म्हणून ये वं लवकर. या रविवारी नाही तर पुढच्या, पण ये. आम्ही दोघी दार उघडं ठेवून बसलो आहोत.