बायकांच्या बाजूचं दार
घासलेटच्या बत्तीचा वास आला की टेंभी नाक्यावरचा झावळ्यांचा नाटकमंडप आठवतो. सासूबाईंनी कधी नव्हे ते जाऊ दिलं होतं. मी आणि वन्सं पुरुष यायच्या आधीच बांबूच्या चिकाच्या पडद्याआड जाऊन बसलो. मंडप भरल्यावर परवाना देणारे फौजदार तपासायला आले. "आग लागली तर बायका कुठून बाहेर पडणार? मागे दार पाडा." नाटकवाले मालक म्हणाले, "साहेब, मागून बायका रस्त्यावर दिसतील. लोक मला जोड्यानं मारतील." "मग बायका उठवा." मालकांनी आम्हाला उठायला सांगितलं आणि लगेच परवाना मिळाला. वन्सं कुजबुजल्या, "वहिनी, झावळ्याच त्या, कोयत्यानं दार झालं असतं की!" शेवटी, कुणाला दिसू नये म्हणून जपलेल्या आम्ही भरल्या मंडपातून, सगळ्यांच्या देखत, पुरुषांच्या दारानं बाहेर पडलो. आज सून नाटकाला चला म्हणाली, तेव्हा मी एवढंच विचारलं, "उठवणार नाहीत ना गं?"