वरच्या फ्लॅटमधली हेल्मी

आमच्या गाझियाबादच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली एक कोपरा आहे. मोडका कूलर, कुणाची तरी सायकल, पाय तुटलेलं स्टूल... कुणी कधी आणून ठेवलं, कुणालाच आठवत नाही. टाकून द्यायला जावं तर हात धजत नाही. माझ्याकडचे किस्से असेच साठलेत. त्यातले निम्मे वरच्या फ्लॅटमधल्या मुलींचे.

आधीच सांगून ठेवते, मी शाळेची पायरी चढलेली नाही. दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये किराण्याच्या पुड्या सोडायच्या आणि त्यांचे कागद वाचायचे, अशी मी अक्षरं शिकले. इंग्रजी शिकले ते दुकानांच्या पाट्यांवरून. ज्यांना व्याकरण बघायचं असेल त्यांनी दुसरीकडे बघावं!

हे रिटायर झाले तेव्हा आम्ही इथे फ्लॅट घेतला. चहूकडे अर्धवट बांधकामं, मधून धूळ. वर्षभरात हे गेले. मुलगा अविनाश गुडगावात, परदेशी कंपनीत. दर रविवारी फोन करायचा. "आई, बरी आहेस ना? ओके, मीटिंग आहे." रविवारी कसली मेली मीटिंग!

वरचा फ्लॅट एका मिशननं भाड्यानं घेतला होता. परदेशातून दीड वर्षाच्या सेवेला, म्हणजे दारोदार येशूची गोष्ट सांगायला आलेल्या तरुण मुली तिथे राहायच्या. नेहमी दोघी. नियमच होता त्यांचा, एकटीनं राहायचं नाही, एकटीनं कुठे जायचं नाही. मी खाली एकटी आणि डोक्यावर हा नियम!

त्यांची मंडळी, म्हणजे चर्च, वेगळी, आमची वेगळी. आमच्या पाळकसाहेबांनी मला विचारलंच, "काय बाई, त्यांच्यात जाणार का आता?"

म्हटलं, "पाळकसाहेब, मी जिना चढून जाते, मंडळी सोडून नाही!"

*

रूथ अमेरिकेची, तोंडाची टकळी सुरू. हेल्मी फिनलंडच्या कुठल्याशा खेड्यातली. उंच, पांढरीफटक आणि मुकी म्हणावी इतकी गप्प. विचारलं तर उत्तर, नाही तर नाही. त्या खेड्यातून अशी सेवेला निघालेली ती पहिली मुलगी. सगळी मंडळी तिला बसपर्यंत सोडायला आलेली. आणि ही बया दुसऱ्याच आठवड्यात म्हणायला लागली, "मुझे घर जाना है."

रूथ म्हणायची, "एक हफ्ता और." असे हफ्ते ढकलत होत्या.

तेव्हा दिल्लीकडे नवंनवं सगळं येत होतं. दारोदार सेल्सगर्ल फिरायच्या. आज पाणी गाळायचं मशीन, उद्या धूळ ओढायचं, परवा साबणाची पुडी फुकट. अशात या दोघी. स्कर्ट, पांढरा ब्लाऊज, छातीवर नावाचा बिल्ला, खांद्याला बॅग! बेल वाजवली की आतून हाक, "आज क्या स्कीम है?"

एका मल्होत्रा बाईंनी तर हेल्मीला हाताला धरून आत नेलं, गालिचा दाखवला आणि म्हणाल्या, "पहले डेमो दो."

हेल्मीनं बराच वेळ गालिच्याकडे बघितलं. मग गुडघे टेकले आणि डोळे मिटून प्रार्थना केली.

मल्होत्रा बाई मला नंतर भाजीवाल्यापाशी भेटल्या. "लड़की अच्छी है," म्हणाल्या, "पर मशीन लाना भूल गई थी."

*

त्यांच्यात चहा चालत नाही. चहा! मी पहिल्या दिवशी कप पुढे केला तर दोघी कपाकडे बघून हसल्या, हात कुणीच पुढे करेना. मला राग आला. म्हटलं, "हमारे घर का चाय मना करते हो? फिर लोग को जोडेंगे कैसे?"

रूथनं नियम समजावला. मी ऐकून घेतलं आणि आत गेले. पाणी उकळलं, आलं ठेचून घातलं, वेलची, साखर, दूध. पत्ती तेवढी नाही. कपबशीत ओतून बाहेर आणलं.

हेल्मीनं वास घेतला. "मौसी, ये चाय है?"

"नहीं."

"तो क्या है?"

"बैठने का बहाना!"

ती पहिल्यांदा हसली. त्यानंतर रोज संध्याकाळी दोघी खाली यायच्या. रूथ बोलायची, मी भांडायचे, हेल्मी बशीत फुंकर घालत बसायची. दिवे जायचे, मेणबत्ती लावायची, पुन्हा बसायचं.

*

मे महिन्यात मी काही द्यायला वर गेले. रूथ अंघोळीला गेलेली. स्वयंपाकघरात पाहते तर हेल्मी फ्रिजसमोर उभी, फ्रीझरचं झाकण उघडं, डोकं आत! बर्फाच्या थरावर गाल टेकलेला.

मी ओरडले, "अगं, सर्दी होईल! क्या ढूँढती है अंदर?"

डोकं बाहेर न काढता म्हणाली, "घर."

मी हातातली कैरीची चटणी ओट्यावर ठेवली आणि खाली आले. पण त्या दिवसापासून वर पावलं वाजली की मोजायला लागले, दोघींची आहेत ना, म्हणून.

*

जूनमध्ये रूथला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. तिला दिल्लीला नेलं आणि तिथूनच तिच्या घरी पाठवलं. वर हेल्मी एकटी आणि नियम तर दोघींचा. दुसरी मुलगी यायला अवकाश होता. मिशनचे साहेब आले. भला माणूस, पण घाबरट. म्हणाले, "कुणी विश्वासू बाई सोबत मिळाली तर राहील, नाही तर हिला परत पाठवावं लागेल. तशीही तिची इच्छा आहेच."

"मी आहे," म्हटलं.

"आपण कधी दारोदार सेवा केली आहे?"

"सरोजिनी नगरच्या दुकानदारांना मी अर्ध्या भावावर आणलेलं आहे. दारात उभं राहायला मला कोण शिकवणार!"

मी माझी वळकटी वर नेली. सकाळी निघालो. मी बेल वाजवायची नाही, दार ठोठावायची. "खोलो, बच्ची धूप में खड़ी है!" फटाफट दारं उघडायला लागली. पाणी मिळालं, खुर्च्या मिळाल्या, एका घरी छोले मिळाले. मी खूश.

घरी येताना हेल्मी हळूच म्हणाली, "मौसी, आज सब घर में बात हुई."

"फिर!"

"पानी के टैंकर की. यीशु की एक बार भी नहीं."

*

दुसऱ्या दिवशी मी तोंडाला कुलूप लावलं. एका चौथ्या मजल्यावर एक सून होती, पाटण्याकडची. नवरा चार्टर्ड बसनं दिल्लीला जायचा, सासू बाहेर गेलेली. लाकडी दार उघडलं, पण जाळीचं नाही. म्हणाली, "माँजी ने किसी को अंदर लेने को मना किया है."

आम्ही वळलो. तशी ती म्हणाली, "बाहर बैठिए ना."

तिनं आतून बसायचा वेताचा मोढा ओढून जाळीला लावला. आम्ही दोघी पायरीवर बसलो. हेल्मीनं पुस्तक उघडलं आणि तिच्या त्या अडखळत्या हिंदीत येशूनं सांगितलेला हरवलेल्या मेंढराचा दाखला वाचला. सून जाळीला बोटं अडकवून ऐकत होती.

वाचून झालं. हेल्मीनं विचारलं, "आपको इसमें क्या अच्छा लगा?"

"आवाज़," सून म्हणाली. "सुबह से किसी की सुनी नहीं थी. कल फिर आएँगी?"

"आऊँगी. क्या सुनेंगी?"

"जो आपका मन हो."

आम्ही चार जिने उतरलो. खाली आल्यावर हेल्मी म्हणाली, "मौसी, मैं झूठी हूँ. कल आऊँगी बोला. मैं तो घर जा रही हूँ."

मी म्हटलं, "जायचं तर जा. कुणी बांधून ठेवलेलं नाही." असं म्हटलं खरं. पण त्या संध्याकाळी तो बसायचा बहाणा माझ्या कपात तसाच गार झाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा निरोप आला. तिकीट काढायचं की नाही, उद्यापर्यंत सांग. एरवी त्या मुलींना घरी फोन करायची परवानगी नाताळला आणि मदर्स डेला, बाकी वर्षभर नाही. पण साहेबांनी खास मुभा दिली, आईशी बोलून ठरव म्हणून.

दुपारी आम्ही मार्केटातल्या गुप्ताजींच्या एसटीडी बूथवर गेलो. काचेची खोली, आत टेलिफोन, वर लाल आकड्यांचं मीटर. हेल्मी आत गेली. दार नीट लागत नसे, त्यामुळे मी आणि गुप्ताजी सगळं ऐकत होतो.

"आइती," ती म्हणाली. त्यांच्यात आईला आइती म्हणतात.

मग गप्प.

मीटर पळायला लागलं. हेल्मी रिसीव्हर कानाला लावून उभी. ओठ हलेनात. गुप्ताजी खुर्चीवरून उठले. "लाइन कट गई क्या?" त्यांनी काचेवर टकटक केलं. "मैडम! बोलिए ना! विलायत का मीटर है!"

हेल्मीनं एक बोट वर केलं, थांबा म्हणून. पुन्हा गप्प. डोळे मिटलेले. गुप्ताजींना घाम फुटला. मला म्हणाले, "आंटीजी, आप ही कुछ बोल दीजिए! उधर कोई है भी कि नहीं?"

"तुम चुप बैठो!" मी म्हटलं.

रांगेतला एक माणूस घड्याळ बघायला लागला. त्यालाही मी गप्प केलं. सगळं बूथ गप्प. नुसता पंखा आणि मीटर.

किती वेळानं कोण जाणे, हेल्मी एकच शब्द बोलली. पलीकडूनही तेवढाच काहीतरी आला असावा. तिनं रिसीव्हर हलक्या हातानं जागेवर ठेवला आणि बाहेर आली. चेहरा धुतल्यासारखा.

गुप्ताजींना राहवेना. "मम्मी घर पर नहीं थीं क्या?"

"थीं," हेल्मी म्हणाली. "सूप बना रही थीं."

"उन्होंने बताया?"

"नहीं. चम्मच की आवाज़ थी."

बाहेर ऊन जरा उतरलं होतं. तिनं ब्लाऊजवरचा बिल्ला सरळ केला. आमची बिल्डिंग मार्केटच्या डाव्या हाताला. ती उजवीकडे वळली, पाटण्याच्या सुनेच्या गल्लीकडे. दहा पावलं गेली, थांबली आणि मागे बघून म्हणाली, "मौसी, जल्दी. अकेले जाना मना है."